पॉर्नपासून मुलांना कसं जपायचं: फिल्टर कुठे चालतो आणि कुठे गळतो

“आमचं मूल असलं काही शोधणार नाही,” असं म्हणणारे पालक खोटं बोलत नसतात. त्यांनी फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की पॉर्न शोधल्याशिवाय सापडत नाही. हे आता खरं राहिलेलं नाही. ‘कॉमन सेन्स मीडिया’ या संस्थेने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलामुलींचं सर्वेक्षण केलं. त्यातल्या ७३ टक्के मुलांनी पॉर्न पाहिलेलं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाचं सरासरी वय होतं १२. आणि सर्वेक्षणातल्या ५८ टक्के मुलांसमोर ते कधी ना कधी चुकून आलेलं होतं.

इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी जानेवारी २०२३ मध्ये एक अहवाल काढला. त्यासाठी १६ ते २१ वयाच्या तरुणांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. तिथे सरासरी वय १३ निघालं, पण दहा टक्के जणांनी नवव्या वर्षापर्यंतच पॉर्न पाहिलेलं होतं. त्याहून महत्त्वाचा आकडा मला वेगळाच वाटतो. पॉर्न कुठे पाहिलं या प्रश्नाला सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर पॉर्न साइट हे नव्हतं. ते होतं ट्विटर, ४१ टक्के. खास पॉर्नच्या साइट त्याखाली, ३७ टक्क्यांवर होत्या. म्हणजे एखाद्या पालकाने जगातल्या सगळ्या पॉर्न साइट बंद करून दाखवल्या, तरी निम्मं कामसुद्धा झालं असं म्हणता येणार नाही.

मुलांपर्यंत हे कसं येतं ते नीट पाहिलं तर यात मुलांचा दोष किती कमी आहे ते कळतं. फुकट सिनेमा दाखवणाऱ्या चोरट्या साइटवर ‘प्ले’चं बटण दाबलं की दुसरीच खिडकी उघडते, कारण अशा साइटना नेहमीचे जाहिरातदार मिळत नाहीत आणि पॉर्न, जुगार यांच्या जाहिरातींवरच त्यांचं चालतं. गेमची ‘मॉड’, म्हणजे कोणीतरी परस्पर बदल केलेली, आवृत्ती शोधणाऱ्या मुलाचंही तेच होतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकतं आणि ऑटो-डाउनलोड चालू असल्यामुळे तो आपोआप गॅलरीत येऊन बसतो. गेममधल्या चॅटमध्ये अनोळखी माणूस लिंक देतो. मोठा भाऊ किंवा वर्गमित्र स्वतःचा फोन पुढे करून म्हणतो, “हे बघ.” आणि सोशल मीडियाच्या फीडचं तर वेगळंच आहे. एखाद्या व्हिडिओवर मूल किती सेकंद थांबलं याची तिथे नोंद होते. कुतूहलाने किंवा धक्का बसून थांबलं तरी ती नोंद ‘आवडलं’ अशीच धरली जाते आणि पुढचा व्हिडिओ त्याच जातीचा येतो.

मुलाच्या मनात काय होतं

एकदा काहीतरी दिसलं म्हणजे मूल बिघडलं, असं अजिबात नाही. हे आधी सांगतो, कारण घाबरलेला पालक पुढचं सगळं चुकीच्या सुरात करतो. बहुतेक मुलं अशा एखाद्या प्रसंगातून सावरतात, फक्त जवळ बोलायला कोणीतरी असावं लागतं.

लहान मुलाला, म्हणजे सहा-आठ वर्षांच्या, त्या दृश्याचा अर्थच लागत नाही. बऱ्याचदा त्याला वाटतं की कोणीतरी कोणाला तरी मारतंय. भीती, किळस आणि पुन्हा बघावंसं वाटणारं कुतूहल, तिन्ही एकदम येतात. थोड्या मोठ्या मुलाच्या बाबतीत शरीरही प्रतिसाद देतं, आणि मनाला नको असलेल्या गोष्टीला शरीराने प्रतिसाद दिला की मूल स्वतःलाच घाणेरडं समजायला लागतं. ही शरम त्याला गप्प करते.

किशोरवयात प्रश्न बदलतो. या वयात नवं आणि उत्तेजक काही मिळवण्याची ओढ जोरात असते, तर थांबण्याचा निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यातच मुलाला लैंगिकतेबद्दल दुसरं कोणी काही सांगितलेलंच नसेल, तर पॉर्न हेच त्याचं पाठ्यपुस्तक होतं. त्यात काय असतं यापेक्षा काय नसतं ते बघा. तिथे कोणी विचारत नाही, “चालेल ना?” कोणी “नको” म्हणत नाही, आणि म्हटलं तरी समोरचा थांबत नाही. निरोध नाही, संकोच नाही, आपुलकी नाही. निवडलेली शरीरं असतात, दिवे असतात, तासन् तासांच्या चित्रणातून कापून जोडलेली मिनिटं असतात. मोठ्या माणसाकडे ताडून बघायला स्वतःचा अनुभव असतो. तेरा वर्षांच्या मुलाकडे तो नसतो. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या अहवालात ७९ टक्के तरुणांनी अठरा वर्षांचे होण्याआधीच हिंसक पॉर्न पाहिलं होतं. गळा दाबणं, थपडा मारणं हे नेहमीचंच असतं असं मानणारे मुलगे आणि ते सहन करायचं असतं असं मानणाऱ्या मुली, या दोघांचंही यात नुकसान आहे.

फिल्टर नेमकं काय करतो

आता तांत्रिक भाग. तो समजून घेतला नाही तर पालक एकतर फिल्टरवर आंधळा विश्वास ठेवतात, नाहीतर एकदा तो फसला की सगळंच सोडून देतात.

आपण ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकतो, पण यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नावावरून आकडा शोधून देणारी जी व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. टेलिफोन डिरेक्टरीत नाव बघून नंबर काढावा, तसंच. घरात बसवता येणारा सर्वांत सोपा फिल्टर म्हणजे ही डिरेक्टरी बदलणं. काही कंपन्या अशी डिरेक्टरी फुकट देतात, ज्यातून प्रौढ साइटचे नंबर काढून टाकलेले असतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी सेवा सुरू केली. तिचे पत्ते आहेत १.१.१.३ आणि १.०.०.३. ‘ओपन-डीएनएस’ची फॅमिली शील्ड ही तशीच आणखी एक सेवा.

हे राउटरमध्ये, म्हणजे घरात वायफाय पुरवणाऱ्या डबीत, कसं टाकायचं? राउटरच्या खालच्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तो पत्ता उघडा. पहिलं काम, तो छापील पासवर्ड बदला, कारण स्टिकर मुलालाही वाचता येतो. मग ‘इंटरनेट’, ‘वॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ अशा नावाच्या भागात डीएनएसचे दोन रकाने दिसतील. एकात पहिला पत्ता, दुसऱ्यात दुसरा, दोन्ही इंग्रजी आकड्यांत. बरेच जण पहिला रकाना भरतात आणि दुसऱ्यात इंटरनेट कंपनीचाच पत्ता राहू देतात. मग काही वेळा उत्तर तिकडून येतं आणि फिल्टर अधूनमधून चालतो, अधूनमधून चालत नाही. ‘आयपीव्ही६’साठी, म्हणजे इंटरनेटच्या नव्या, लांब पत्त्यांसाठी, वेगळे रकाने असतील तर तेही त्याच सेवेच्या पत्त्यांनी भरावे लागतात. सेव्ह करून राउटर बंद-चालू करा आणि मुलं आसपास नसताना एखाद्या प्रौढ साइटचं नाव टाकून बघा. पान उघडलं नाही म्हणजे जमलं.

हा फिल्टर घरातल्या टीव्हीपासून टॅबपर्यंत सगळ्यांना एकदम लागू होतो, हा त्याचा मोठा फायदा. पण तो गळतो कुठे, हेही माहीत हवं. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला की राउटरचा काही संबंध उरत नाही. शेजारचं वायफाय, मित्राचा हॉटस्पॉट, तेच. काही ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ नावाचं सेटिंग असतं. ते चालू असेल तर ब्राउझर तुमची डिरेक्टरी न विचारता स्वतःचीच वापरू शकतो. व्हीपीएनचं ॲप टाकलं तर सगळी वाहतूक दुसऱ्याच वाटेने जाते. आणि सगळ्यांत मोठी गळती म्हणजे डिरेक्टरीला फक्त साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, प्रौढ मजकुराला परवानगी असल्याचं २०२४ मध्ये आपल्या नियमांत स्पष्टच लिहिलं. रेडिट या चर्चेच्या साइटवरही तसा मजकूर असतो. तिथे डीएनएसपुढे दोनच पर्याय उरतात: अख्खी साइट बंद करायची किंवा अख्खी चालू ठेवायची. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ तर या फिल्टरला कळतच नाही. त्याला एवढंच दिसतं की घरातलं कोणीतरी व्हॉट्सॲप वापरतंय.

म्हणून दुसरा थर फोनवर लागतो. अँड्रॉइडवर गूगलचं ‘फॅमिली लिंक’ आहे. मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडलं की कुठलं ॲप टाकायचं याची परवानगी तुमच्याकडे येते, क्रोममध्ये प्रौढ साइट अडवता येतात आणि सर्चमध्ये ‘सेफ सर्च’ पक्कं करता येतं. ॲप टाकण्याची परवानगी हातात असणं हे यातलं सगळ्यांत मोलाचं, कारण व्हीपीएन आणि दुसरा ब्राउझर दोन्ही तिथेच अडतात. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ असं सेटिंग मिळतं. वर सांगितलेल्या सेवांपैकी एखादीचा पत्ता तिथे टाकला तर तो मोबाइल डेटावरही लागू राहतो. मात्र इथे आकडे चालत नाहीत, नावाचा पत्ता लागतो. तो त्या सेवेच्या साइटवर मिळतो.

आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’ चालू करून प्रौढ वेबसाइटवर मर्यादा घालता येते. त्याचा पासकोड फोन उघडण्याच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा आणि मुलांसमोर टाकू नका. ॲपलचं ‘कम्युनिकेशन सेफ्टी’ मला विशेष चांगलं वाटतं. मेसेजमध्ये नग्न फोटो आला किंवा मूल तसा पाठवायला निघालं, तर फोन स्वतःच तो ओळखून धूसर करतो आणि मुलाला थांबून विचार करायला सांगतो. ही तपासणी फोनच्या आतच होते, फोटो ॲपलकडे जात नाही.

व्हॉट्सॲपमध्ये दोन कामं आजच करून टाका. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा, आणि ‘प्रायव्हसी’मध्ये ग्रुपात कोण टाकू शकतं तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा.

एवढं सगळं केल्यावर किती फरक पडतो? ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी २०१८ मध्ये ११ ते १६ वयाच्या हजारो मुलांच्या माहितीवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मुलाला लैंगिक मजकूर दिसण्यापासून वाचवायचं तर १७ ते ७७ घरांमध्ये फिल्टर लावावे लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. मूल असा मजकूर बघेल की नाही हे ठरवणाऱ्या कारणांमध्ये फिल्टरचा वाटा अर्धा टक्काही भरला नाही. हे वाचून फिल्टर काढून टाकू नका. अभ्यासातली मुलं अकराच्या पुढची होती. सहा वर्षांच्या मुलाच्या टॅबवर चुकून उघडणारी खिडकी अडवायला फिल्टर लावायलाच हवा, आणि मोठ्या मुलालाही तो निदान क्षणभर थांबवतो. पण फिल्टर लावला म्हणजे आपलं काम संपलं असं समजणाऱ्या घरात पुढची, खरी गोष्ट राहूनच जाते.

ती गोष्ट म्हणजे बोलणं

माझ्या मते मुलाचं सगळ्यांत भक्कम संरक्षण एकच: असं काही दिसलं की मूल तुमच्याकडे येऊन सांगतं. जे मूल सांगतं, त्याच्या बाबतीत पुढचं सगळं सोपं असतं. त्यामुळे घरात काहीही नियम करताना स्वतःला विचारायचं, या नियमाने मूल जास्त सांगेल की कमी?

मुलं का सांगत नाहीत? बहुतेक वेळा कारण साधं असतं. फोन काढून घेतील. पालकाला वाटतं ओरडा बसण्याची भीती असेल, पण मुलाच्या दृष्टीने फोन जाणं म्हणजे मित्र जाणं. म्हणून पहिला नियम मुलाला नव्हे, पालकाला पाळायचा आहे, आणि तो काही घडण्याच्या आधीच उच्चारायचा आहे: “तू स्वतःहून येऊन सांगितलंस तर त्यासाठी तुझा फोन कधीही काढून घेणार नाही.” आणि मग तो खरोखर पाळायचा, पोटात कितीही गोळा आला तरी.

पाच-सात वर्षांच्या मुलाला पॉर्न हा शब्द सांगायची गरज नाही. शरीराचे कुठले भाग खासगी असतात, त्यांची नावं काय, हे त्याला माहीत असावं. एवढं सांगितलं तरी चालतं: “फोनवर कपडे नसलेली माणसं दिसली तर फोन पालथा ठेव आणि मला हाक मार. तुझी चूक नसते.” बटण शोधायला सांगू नका. घाबरलेल्या मुलाला बटण सापडत नाही, फोन पालथा ठेवता येतो.

नऊ-दहाच्या पुढे नाव घेऊन बोलावं लागतं. हे बोलणं कसं असू शकतं ते बघा. आई आणि दहा वर्षांची मुलगी, दोघी कपड्यांच्या घड्या घालताहेत.

“आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“नाही रागावणार. सांग.”

“काल माझ्या मैत्रिणीने मला तिच्या ताईच्या फोनवर काहीतरी दाखवलं. घाण होतं.”

आईचा हात थांबतो, पण ती घडी पूर्ण करते. “बरं झालं सांगितलंस. माणसं होती का, कपडे नसलेली?”

“हं.”

“तुला कसं वाटलं तेव्हा?”

“ईऽऽ वाटलं. पण मी बघितलं थोडं.”

“थोडं बघितलं जातंच. कोणाचंही तसं होतं, त्यात तुझं काही चुकलं नाही. त्याला पॉर्न म्हणतात. ते मोठ्या माणसांनी पैशासाठी केलेले व्हिडिओ असतात, खरं प्रेम तसं नसतं. आणखी काही डोक्यात आहे का त्याचं?”

“ती रडत होती, ती बाई. तिला दुखत होतं का?”

आईने इथे खोटं सांगू नये. “असेलही दुखत. म्हणूनच ते लहान मुलांनी बघण्यासारखं नसतं. पुढच्या वेळी कोणी दाखवायला लागलं तर काय करशील?”

“नको म्हणेन. किंवा बाथरूमला जायचंय म्हणेन.”

“छान आहे हे. काहीही सांगून तिथून उठलीस तरी चालेल.”

या संभाषणात आईने केलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. तिने चेहरा सांभाळला, आधी शाबासकी दिली, मग विचारलं, आणि मुलीच्या डोक्यात अडकलेला प्रश्न बाहेर येईपर्यंत थांबली. तो प्रश्न जवळजवळ नेहमी शेवटी येतो. मैत्रिणीच्या आईशी बोलायचं असेल तर मुलीला सांगून मगच बोलावं, नाहीतर मुलगी पुढच्या वेळी काही सांगायची नाही.

तेराच्या पुढच्या मुलांशी एकदाच बसून ‘ते’ बोलणं करून टाकायचं, ही कल्पना सोडून द्या. छोट्या छोट्या तुकड्यांत बोला, शक्यतो नजरेला नजर न भिडवता, गाडीतून जाताना, चालताना. पॉर्नमध्ये संमती का दिसत नाही, ती शरीरं कशी निवडलेली असतात, मित्रांनी ग्रुपवर टाकलेलं पुढे पाठवणं हा गुन्हा कधी होतो, हे विषय घ्या. मुलीशी जे बोलाल ते मुलाशीही बोला. वर सांगितलेल्या अमेरिकन सर्वेक्षणात फक्त ४३ टक्के मुलांनी या विषयावर विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोलणं झाल्याचं सांगितलं. बोलणं झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना त्यातून पॉर्नशिवाय इतर मार्गांनी लैंगिकता समजून घ्यावीशी वाटली.

आणि समजा मूल येऊन बोललं नाही, तुम्हालाच त्याच्या फोनमध्ये सापडलं तर? त्या रात्री काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी, एकट्याशी, भावंडांसमोर नाही आणि आजी-आजोबांसमोर तर नाहीच. “मी फोनमध्ये हे पाहिलं. तुला शिक्षा करायला आलेलो नाही. हे पहिल्यांदा कसं समोर आलं ते सांगशील?” एवढ्यावर थांबा आणि ऐका. “तुला लाज नाही वाटत?” हा प्रश्न विचारू नका, कारण उत्तर आधीच ‘हो’ आहे आणि त्या लाजेमुळेच तो लपवत होता. लपूनछपून चॅट वाचणारी ॲप मुलाच्या फोनमध्ये टाकणंही मला पटत नाही. मूल ते शोधून काढतं, आणि त्या दिवशी तुमच्या प्रत्येक आश्वासनावरचा त्याचा विश्वास जातो. देखरेख ठेवायची तर सांगून ठेवा.

मुलाला ‘व्यसनी’ म्हणण्याचीही घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार आहे. पण त्यासाठी महिनोन् महिने प्रयत्न करूनही थांबता न येणं आणि अभ्यास, झोप, नाती यांची हानी होणं ही लक्षणं लागतात. फक्त अपराधी वाटतं म्हणून तो विकार ठरत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. झोप तुटते आहे, मूल सगळ्यांपासून दूर जातंय, थांबायचं म्हणतंय आणि जमत नाही, असं दिसलं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रात्री फोन बेडरूमच्या बाहेर ठेवायचा नियम मात्र सगळ्या घराला, आईवडिलांसकट, लगेच लावता येतो.

फोटोवरून धमकी आली तर

हा प्रकार वेगाने वाढला आहे आणि यात मुलांचे जीव गेले आहेत, म्हणून नीट वाचा. सोशल मीडियावर एखादी ‘मुलगी’ बोलायला लागते, स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते, मुलाकडून तसा फोटो मागते. फोटो गेला की काही मिनिटांत सूर बदलतो: पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. समोर बहुधा टोळी असते. अमेरिकेच्या एफबीआयच्या सांगण्यानुसार पैशासाठी होणाऱ्या या प्रकारात मुख्यतः १४ ते १७ वयाचे मुलगे सापडतात. आता तर मुलाने फोटो पाठवायचीही गरज नाही, साध्या फोटोवरून एआयने बनावट नग्न फोटो तयार होतो.

अशा वेळी पैसे देऊ नका, दिले तर मागणी वाढते. आणखी फोटो पाठवू नका. समोरच्याशी बोलणं थांबवा, पण चॅट आणि खातं डिलीट करू नका. त्याचं प्रोफाइल, नाव, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट ठेवा. मुलाच्या नग्न फोटोची प्रत मात्र पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. मग त्या प्लॅटफॉर्मकडे आणि पोलिसांकडे तक्रार करा. भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे.

फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ही सेवा नाव न सांगता वापरता येते. फोटो त्यांच्याकडे पाठवावा लागत नाही. तुमच्या फोनवरच त्या फोटोचा एक लांबलचक सांकेतिक आकडा तयार होतो आणि फक्त तो आकडा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या आकड्याशी जुळणारा फोटो त्यांच्याकडे सापडला की तो काढता येतो. फोटो अठरा वर्षांच्या आधीचा असेल तर ही सेवा, आणि मोठ्या माणसाचा असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही तशीच दुसरी. धमकीनंतरचे पहिले काही तास मुलाला एकटं सोडू नका. “आपण यातून बाहेर पडू, तुझी चूक असो वा नसो,” हे त्या तासांत त्याच्या कानावर पडलंच पाहिजे.

कायदे कुठे मदत करतात

सरकारं आता साइटवरच जबाबदारी टाकायला लागली आहेत, आणि ते योग्यच आहे. आतापर्यंत ‘मी १८ वर्षांचा आहे’ हे बटण दाबलं की झालं. ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून पॉर्न दाखवणाऱ्या साइटना वयाची खरी तपासणी करावी लागते: ओळखपत्र, क्रेडिट कार्ड किंवा चेहऱ्यावरून वयाचा अंदाज. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याचा असाच कायदा जून २०२५ मध्ये वैध ठरवला. यात अडचणी आहेत. ओळखपत्राची माहिती फुटण्याची भीती खरी आहे, आणि ब्रिटनमध्ये नियम लागू होताच व्हीपीएनचा वापर एकदम वाढला. तरी चुकून पॉर्नसमोर येणाऱ्या लहान मुलासाठी अशी तपासणी उपयोगाचीच आहे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाबद्दल कडक निकाल दिला. असं चित्रण नुसतं जवळ बाळगणंही, ते डिलीट केलं नाही किंवा कळवलं नाही तर, पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. वर्गातल्या मुलीचा फोटो ‘गंमत म्हणून’ ठेवणाऱ्या, पुढे पाठवणाऱ्या मुलांना हे माहीत असायला हवं, आणि त्यांच्या पालकांनाही.

घरातली मोठी माणसं

हा विषय मुलांपुरता ठेवून संपत नाही. मुलांच्या हातात पडणारा फोन बऱ्याच घरांत वडिलांचा किंवा काकांचा असतो, आणि त्यात मित्रांच्या ग्रुपवरचं सगळं असतं. घरातले दोन फोन एकाच खात्यावर असतील तर एकाच्या गॅलरीतलं दुसऱ्याच्या गॅलरीत, कधी टीव्हीच्या स्क्रीनवरही येतं. सर्चच्या सूचनाही तशाच येतात. त्यामुळे मुलांसाठी वेगळं खातं करा. टॅबवर आणि ज्या फोनवर सोय असेल तिथे वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या ॲपला लॉक लावा आणि फोटोंचा बॅकअप कुठे-कुठे जातो ते एकदा तपासा.

नवरा-बायकोत एकाची ही सवय दुसऱ्याला टोचत असेल, तर ते मुलांच्या फोनइतकंच गंभीरपणे घ्यायला हवं. तिथेही पाळत ठेवून काही हाती लागत नाही. काय त्रास होतो ते स्पष्ट सांगणं आणि दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाणं, हे जास्त कामाला येतं.

मूल सोळा-सतराचं झालं की फिल्टर आणि देखरेख टप्प्याटप्प्याने सैल करा, आणि काय काढलं, काय ठेवलं ते त्याच्यासोबत बसून ठरवा. ॲपच्या परवानगीचं कुलूप आधी काढा, राउटरचा फिल्टर सगळ्यांत शेवटी, कारण घरात त्याच वायफायवर धाकटं भावंडही असू शकतं.